चार वेढे

मंगळवारी सकाळी साडेअकराच्या सुमाराला, आवाजबंद पेटीत बसवलेल्या एका बाईंच्या उजव्या कानात बारीक सूर सोडता सोडता, त्याला कळलं की आपण तीस वर्षांनी पकडले गेलो. तसं कुणी मनगट धरलं नव्हतं. कुरिअरचं पाकीट आलं होतं, त्यात एक सीडी आणि दोन पानी पत्र, आणि ते पत्र गुडघ्यावर उलगडून तो एका डोळ्याने वाचत होता. कानाच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात मागच्या अंगाला त्याची ही खोली. खोलीत एक माणूस मावेल एवढी जाड दरवाजाची पेटी, पेटीला काचेची खिडकी, आत पेशंट, बाहेर मशीनपुढे तो. आतल्याने कानाला हेडफोन लावून बसायचं आणि सूर ऐकू आला की हातातलं बटण दाबायचं, म्हणजे बाहेर हिरवा दिवा लागतो, आणि दिवा लागला की याने कागदावर खूण करायची. बावीस वर्षं तो हेच करत आला होता. बाईंचा दिवा तीनदा लागला आणि विझला तरी याचा हात हलेना, तेव्हा काचेआडून बाईंनी त्याच्याकडे अशा नजरेने पाहिलं, की दोघांत बहिरं नक्की कोण हे त्यांनाही ठरवता येत नसावं.

पत्र जुन्या रेकॉर्डिंगांची साफसफाई करणाऱ्या एका बाईंचं होतं. त्यांची कंपनी त्याच्या पहिल्या, आणि खरं तर एकुलत्या एका अल्बमची सीडी काढणार होती. त्याने एकट्याने, बँड सोडल्यावर, नुसत्या गिटारवर केलेला अल्बम. बाईंनी अगदी मनापासून लिहिलं होतं. शाळेत असताना त्यांनी म्हणे ती रेकॉर्ड ऐकून ऐकून झिजवली होती. आणि मग दुसऱ्या पानावर, शाबासकी मिळावी अशा सुरात, त्यांनी आपला शोध सांगितला होता. जुन्या रेकॉर्डिंगमध्ये विजेची एक बारीक गुणगुण नेहमी मिसळलेली असते. ती सेकंदाला पन्नास कंपनांवर असायला हवी. त्याच्या अल्बममध्ये ती त्रेपन्नवर होती. म्हणजे सर, तुमचा अख्खा अल्बम तीस वर्षं सहा टक्के जास्त वेगाने वाजतो आहे, आणि कुणाच्या लक्षातही आलेलं नाही! आम्ही तो मूळ वेगावर आणला आहे. सोबतच्या पुस्तिकेत त्याबद्दल एक ओळ घालतो आहोत, ती बघून सही करून शुक्रवारपर्यंत पाठवा. ओळ अशी होती: ‘त्या काळच्या रेकॉर्डिस्टच्या हलगर्जीपणामुळे ध्वनिफितीचा वेग बिघडला होता, तो या आवृत्तीत दुरुस्त केला आहे.’

हलगर्जीपणा. त्याने तो शब्द पुन्हा वाचला आणि त्याला कसनुसं हसू आलं. ज्या माणसाबद्दल हे लिहिलं होतं तो स्टुडिओत शिरताना चपला बाहेर काढायचा, मशीनची फीत जिथून सरकते तो भाग रोज सकाळी स्पिरिटच्या बोळ्याने पुसायचा, आणि पुसून झाल्यावर तो बोळा उजेडात धरून त्यावर काळं काही आलंय का ते बघायचा. बोळा काळा निघाला तर आदल्या दिवशीच्या रेकॉर्डिंगची त्याला शंका यायची. सगळे त्याला मीटरसाहेब म्हणत. हा मीटरसाहेब आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचा होता, आणि दर सहा महिन्यांनी कान तपासायला याच पेटीत येऊन बसायचा. त्याची पुढची वेळ परवा, गुरुवारी, सव्वादहाची होती. याने स्वतःच्याच हाताने ती डायरीत लिहिली होती.

बाहेरच्यांना याचं स्वतःचं खरं नाव क्वचितच ठाऊक असेल. सगळ्या जगासाठी तो सुसाट. हे नाव त्याच्या मेहुण्याने ठेवलं. रेकॉर्ड बाजारात आली त्या आठवड्यात मेहुणा ती घेऊन घरोघर हिंडला आणि सांगत सुटला, आमचे भावोजी बघा कसे सुसाट वाजवतात, बोटं दिसत नाहीत बोटं. रेकॉर्डवर बोटं तशीही दिसत नाहीत हे कुणाच्या ध्यानात आलं नाही, आणि नाव चिकटलं ते चिकटलंच. आता वयाची साठी जवळ आली, उजवा गुडघा कुरकुरायला लागला, जिना चढताना तो दोन पायऱ्यांना एकदा थांबतो, तरी वरच्या मजल्यावरून शेजारी हाक मारतात, या सुसाट, सावकाश या. त्याला वाटतं, माणसाला टोपणनाव ठेवताना लोकांनी निदान तो म्हातारा होईल एवढा तरी विचार करावा.

दुपारी त्याने डबा घेतला. पेटीत कुणी नव्हतं, म्हणून तोच आत जाऊन बसला आणि दार ओढून घेतलं. या पेटीत बसलं की आधी काही ऐकू येत नाही, मग स्वतःचा श्वास ऐकू येतो, मग पोटातली गुरगुर, आणि त्यानंतर जे ऐकायचं नसतं ते. त्याला बँडच्या म्होरक्याचा आवाज ऐकू आला. म्होरक्या वाईट माणूस नव्हता. त्याने सगळ्यांसमोर, कॉफी ढवळत ढवळत, एवढंच म्हटलं होतं की तुझ्या कल्पना भारी असतात रे, पण हात जड आहे. झालं. सत्ताविसाव्या वर्षी एवढं पुरतं. त्याने त्याच दिवशी गिटार उचलली आणि बाहेर पडला. कल्पना भारी होत्या हे त्यालाही ठाऊक होतं. गिटारच्या तारांना तो कपडे वाळत घालायचे लाकडी चिमटे लावायचा, आणि मग तार घंटेसारखी वाजायची. कंगव्याने तारा छेडायचा. टेबलफॅनच्या पात्याला कागदाची पट्टी चिकटवून ती तारांवर फिरवायचा, त्यातून मधमाश्यांचं पोळं उठल्यासारखा आवाज निघायचा. दाढीचा ब्रश, चहाची गाळणी, सायकलच्या ट्यूबचा तुकडा, घरातली एक वस्तू त्याने सोडली नव्हती. नव्याने लग्न होऊन आलेली बायको अंघोळीनंतर केस विंचरायला कंगवा शोधायची आणि तो गिटारच्या पेटीत सापडायचा. तिने एकदा शांतपणे विचारलं होतं, की हे वाजवून झालं की मला केस विंचरता येतील का.

आणि मीटरसाहेबाला हे सगळं आवडायचं, हीच तर गंमत. तो माणूस जगातल्या प्रत्येक गोष्टीत काटेकोर, पण या चिमट्यांपुढे लहान मूल व्हायचा. माइक दोन बोटं इकडे, दोन बोटं तिकडे सरकवून तो तासन् तास कंगव्याच्या दातांचा आवाज पकडायचा. आठ दिवस ते रेकॉर्डिंग चाललं. चौथ्या तुकड्यात एक चिमटा तारेवरून उडाला आणि थेट काचेपलीकडे उघड्या दारातून मीटरसाहेबाच्या चष्म्यावर आपटला, आणि कोपऱ्यात स्टुलावर बसलेली बायको खुदकन हसली. याने वाजवणं थांबवायला हात उचलला तर मीटरसाहेबाने चष्मा नाकावर ठेवत खूण केली, चालू दे. ते हसू तसंच राहिलं. मीटरसाहेब म्हणाला होता, हा अख्ख्या अल्बममधला सगळ्यात चांगला सूर आहे.

मग तो नववा दिवस. वाजवून सगळं झालं होतं. आता मूळ फितीवरून दुसऱ्या फितीवर एक नक्कल काढायची, आणि ती नक्कल रेकॉर्ड छापणाऱ्यांकडे जायची. बटण दाबा, संपलं की बंद करा, एवढंच काम. मीटरसाहेबाची दाढ ठणकत होती, गाल टम्म सुजला होता. तो म्हणाला, मी दाढ काढून येतो, तू एवढी नक्कल काढून ठेव, तुझ्यावर सोपवायला मला काही वाटत नाही. आजवर त्याने कुणाला मशीनला हातही लावू दिला नव्हता. तो गेला आणि हा मशीनपुढे बसला. आदल्या आठ दिवसांचं वाजवणं ऐकू लागला आणि त्याला एकच गोष्ट ऐकू यायला लागली, म्होरक्याचं कॉफी ढवळणं. हात जड आहे. खरंच जड होता. मूळ फीत वाजवणाऱ्या मशीनमध्ये ती ओढून घेणारा बोटाएवढा एक पोलादी दांडा असतो. तो जेवढा जाड, तेवढी एका फेऱ्यात फीत जास्त ओढली जाते. हे त्याला मीटरसाहेबानेच शिकवलं होतं, कौतुकाने. फिती जोडायच्या चिकटपट्टीचा रोल शेजारीच पडला होता. त्याने दांड्याला एक वेढा दिला आणि ऐकलं. मग दुसरा. तिसऱ्याला तो स्वतःशी हसला. चौथ्याला तो तोच राहिला नाही, कुणीतरी भन्नाट, हलका, उडता माणूस वाजवत होता, आणि तो माणूस त्याला फार आवडला. त्याने नक्कल काढली, पट्टी सोलली, दांडा स्पिरिटने पुसला, बोळा उजेडात धरून पाहिला. बोळा स्वच्छ होता. मूळ फिती तेव्हा पुसून पुन्हा वापरायची पद्धत होती. आठ दिवसांत त्यांच्यावर कुठल्याशा साबणाची जाहिरात चढली.

एवढ्यावर भागलं असतं तर पेटीत बसून पोटातली गुरगुर ऐकायची वेळ आली नसती. पण रेकॉर्ड निघाली, लोक वेडे झाले, वर्तमानपत्रांत आलं, आणि गंमत अशी की चिमट्यांबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. कंगवा, पंखा, गाळणी, सगळं पाण्यात. सगळ्यांनी फक्त वेग, वेग आणि वेग लिहिला. एकाने लिहिलं की चौथ्या तुकड्यात एका लहान मुलीचं निरागस हसू फार अर्थपूर्ण वापरलं आहे. बायकोने ते वाचलं, रेकॉर्ड लावून ऐकली आणि म्हणाली, हे मी नाही. माझं काढून टाकलंत आणि दुसऱ्या कुणाच्या पोरीचं घातलंत, होय ना. आता तिला काय सांगणार? ती टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरीला, नुसत्या हॅलोवरून माणूस ओळखणारी. तो म्हणाला, साहेबांना तसं बरं वाटलं. तिने नंतर त्याबद्दल कधी काही विचारलं नाही, पण तो अल्बमही कधी लावला नाही. पुढे लोकांनी कार्यक्रमाला बोलावलं, तेव्हा त्याला कळलं की तो वेग स्टेजवर काही येणार नाही. म्हणून त्याने जाहीर केलं की तो स्टेजवर वाजवत नाही, ते त्याचं तत्त्व आहे. तत्त्वाचा तर आणखी बोलबाला झाला. घरात मात्र दार लावून तो सहा वर्षं स्वतःच्या रेकॉर्डच्या मागे धावला, लयीचे ठोके देणारा मेट्रोनोम लावून, एकेक घर वाढवत. शेवटी कोपर धरलं, डॉक्टरांनी पट्टा दिला, आणि त्याने गिटार कपाटावर ठेवली. कोपराच्या डॉक्टरांच्याच ओळखीने ही कानाची नोकरी मिळाली.

आणि मीटरसाहेब. पेटीच्या आत, डब्याचं झाकण मांडीवर ठेवून, तो अखेर तिथे आला जिथे यायचं तो तीस वर्षं टाळत होता. रेकॉर्ड निघाल्यावर आठ-दहा दिवसांनी मीटरसाहेब त्याच्या घरी आला होता. चहाला हात लावला नाही. म्हणाला, मला एक खरं सांग. मला हे सगळं अर्धा सूर चढं ऐकू येतंय. तू त्या दिवशी गिटार कुठल्या सुरात लावली होतीस ते माझ्या डोक्यात पक्कं आहे, मी ते विसरणं शक्य नाही. मशीन तपासलं, ठीक आहे. घरचा रेकॉर्डप्लेअर तपासला, ठीक आहे. तुला चढं वाटतं का? आणि याने, समोर बसून, मांडीवरचा धागा झटकत सांगितलं होतं, नाही साहेब, मी असंच वाजवलं होतं. तुमचे कान थकले असतील.

बस. एवढं एक वाक्य. पुढच्या महिन्यात मीटरसाहेबाने संगीताचं रेकॉर्डिंग सोडलं. ज्याचा कान गेला त्याने दुसऱ्याचं गाणं पकडू नये, असं म्हणाला म्हणे. उरलेली नोकरी त्याने विमानतळावर आणि लिफ्टमध्ये वाजणाऱ्या सूचना रेकॉर्ड करण्यात घालवली. कृपया दरवाजापासून दूर उभे राहा, हे त्याने जितक्या काटेकोरपणे पकडलं तितकं जगात कुणी पकडलं नसेल. आणि तेव्हापासून तो दर सहा महिन्यांनी कान तपासून घेतो. आधी दुसरीकडे जायचा, मग या खोलीत. दर वेळी त्याचा कागद बघून डॉक्टर थक्क होतात, कान चाळिशीच्या माणसाचे आहेत. दर वेळी मीटरसाहेब कागद घडी करून खिशात घालतो आणि म्हणतो, ऐकू येतं रे, पण चढं ऐकू येतं. बायको भांडी घासताना गाते, ती सुरात गाते, सगळा जिना तिचं कौतुक करतो, मला मात्र ती वर गेलेली ऐकू येते. तुझं मशीन ऐकू येतं का ते सांगतं, काय ऐकू येतं ते नाही सांगत. आणि हा दर वेळी मान डोलावतो. असं नव्हतं की त्याला ठाऊक नव्हतं. त्याने ठाऊक करून घेतलं नव्हतं, आणि त्यात बावीस वर्षं बरी गेली होती.

संध्याकाळी घरी जाताना त्याने सगळ्या शक्यता मांडून पाहिल्या. सही करून टाकायची आणि गप्प बसायचं. मीटरसाहेबाकडे सीडी प्लेअर असेल कशावरून? नसेलच. पण जावई असेल, नातू असेल, कुणीतरी हौसेने आणून ऐकवेल आणि पुस्तिका वाचून दाखवेल. किंवा कंपनीच्या बाईंना कळवायचं की वेग बदलू नका, आहे तसाच ठेवा, ती माझी कलात्मक दृष्टी होती. हे त्याला फार आवडलं. कलात्मक दृष्टी म्हटलं की कुणी पुढे विचारत नाही. पण दृष्टी होती असं म्हटलं की मग रेकॉर्डिस्टला का नाही सांगितलं, आणि त्याने विचारलं तेव्हा काय उत्तर दिलं, हे आलंच. जिन्यात शेजारी भेटले. या सुसाट, म्हणाले, आज चेहरा का उतरलाय? तो म्हणाला, वजन वाढलंय. काहीतरी बोलायला हवं म्हणून बोलला आणि पुढचे दोन मजले, आपण असं का म्हणालो, याचा विचार करत चढला.

बायको स्वयंपाकघरात शेंगा सोलत बसली होती. त्याने सीडी प्लेअरमध्ये घातली आणि बाजूला उभा राहिला. वाजायला सुरुवात झाली तेव्हा त्याला आधी ओळखच पटेना. सहा वर्षं ज्याच्या मागे धावला तो उडता माणूस कुठेच नव्हता. त्याच्या जागी कुणीतरी जरा थांबत थांबत वाजवणारा होता, एकेका सुराला हाताने चाचपणारा. आणि मध्ये ते सगळं. चिमट्याची घंटा, तिच्या मागे लाकडाची बारीक खडखड, कंगव्याचा एकेक दात वेगळा, पंखा सुरू होताना आधी घेतो तो श्वास. वेगात हे सगळं चिरडून गेलं होतं. त्याला इतका आनंद झाला की त्याचाच त्याला राग आला. गाढवा, तुझ्याकडे हे होतं.

बायको शेंगा टाकून दारात येऊन उभी होती. चौथा तुकडा आला, चिमटा उडाला, आणि खोलीत एक बाई हसली. सव्वीस वर्षांची, नुकतं लग्न झालेली, हसू आवरायला तोंडावर हात नेलेली बाई. हे ऐकताना दारातल्या बाईचाही हात तोंडाशी गेला होता. मग तो हात खाली आला आणि तिने विचारलं, ही मी आहे. तेव्हा का नव्हते?

त्याने सांगितलं. दांडा, पट्टी, चार वेढे, दाढ. सांगताना त्याला वाटलं होतं की हे तासभर चालेल, पण पाच मिनिटांत संपलं. मोठी पापं सांगायला बसलं की इतकीशीच निघतात. बायको म्हणाली, तीस वर्षं माझ्या जागी एक पोरगी हसत होती, आणि ती पोरगी मीच होते. त्यावर तिला काय वाटलं हे तिलाही नीट ठरवता आलं नसावं, कारण ती हसायला लागली आणि मग डोळे पुसायला लागली, आणि शेवटी चिडली. पण चिडली ती भलत्याच गोष्टीवर. एवढं चांगलं वाजवत होतास, म्हणाली, आणि कपाटावर ठेवून दिलंस. पुन्हा शेंगा घ्यायला वळताना ती एवढंच बोलली, ‘मला सांगून काय उपयोग. गुरुवारी येतात ना, त्यांना सांग.’

बुधवार त्याने कसा काढला कुणास ठाऊक. दोन पेशंटांचे कागद उलटे भरले, एकाचा डावा कान उजव्यात गेला. रात्री वाक्यं जुळवून पाहिली, साहेब, एक गंमत सांगायची होती, साहेब, तुम्हाला आठवतं का, साहेब, बसा. प्रत्येक वाक्य पहिल्या शब्दानंतर बसून जायचं. सही करायच्या कागदावर त्याने बाईंची ओळ खोडली आणि स्वतःची लिहिली: ‘नक्कल काढताना वादकाच्या हातून अनवधानाने वेग वाढला.’ ती त्याला बरी वाटली. अनवधानाने हा शब्द मऊ होता, त्यावर बसता येत होतं.

गुरुवारी बरोबर सव्वादहाला मीटरसाहेब आला. इस्त्रीचा शर्ट, खिशात मागच्या सगळ्या तपासण्यांचे कागद रबरबँड लावून, आणि पेटीत शिरताना नेहमीसारख्या बाहेर काढलेल्या चपला. चष्मा काढून खिशात, हेडफोन कानावर, बटण हातात. याने दार लावलं आणि मशीनपुढे बसला. काचेपलीकडे तो डोळे मिटून ताठ बसला होता, परीक्षेला बसल्यासारखा. त्याच्याकडे समोरासमोर बघून बोलणं याला जमणार नव्हतं हे उघड होतं. मशीनला एक छोटा माइक असतो, आतल्या माणसाला सूचना द्यायला. याने सुरांचा खटका बंद केला, माइकचा खटका वर केला आणि अगदी हळू, जेवढं हळू बोलता येईल तेवढं हळू म्हणाला, ‘साहेब, तुमचे कान चांगले आहेत.’

आतल्याचे डोळे मिटलेलेच होते. हिरवा दिवा लागला.

म्हातारा सवयीने बटण दाबत होता, जे ऐकू येईल त्याला. हा आणखी हळू बोलला, की रेकॉर्ड खरंच अर्धा सूर चढी होती. दिवा लागला. की ते मी केलं, तुम्ही दाढ काढायला गेला होतात तेव्हा, दांड्याला चिकटपट्टी गुंडाळून. दिवा लागला. की तुम्ही घरी येऊन विचारलंत, आणि मी तुम्हाला खोटं सांगितलं. या वेळी दिवा लागला नाही. बराच वेळ लागला नाही. याने मान वर करून काचेतून पाहिलं. मीटरसाहेबाने डोळे उघडले होते आणि तो हातातल्या बटणाकडे पाहत होता. मग त्याने ते अंगठ्याने हळूच, पूर्ण खाली दाबलं आणि दाबूनच ठेवलं.

तो बाहेर आला तेव्हा अनवाणीच होता. हा उभा राहिला. त्याला वाटलं आता कानाखाली बसेल, आणि त्याने त्यासाठी डावी बाजू जरा पुढेही केली. मीटरसाहेबाने विचारलं, ‘किती वेढे?’

‘चार.’

म्हाताऱ्याचे ओठ हलायला लागले. तो हिशोब करत होता, दांड्याची जाडी, पट्टीची जाडी, दुप्पट, भागिले. करून झाल्यावर म्हणाला, सहा टक्के, म्हणजे बरोबर अर्धा सूर. मी तुला अर्धाच म्हणालो होतो. हा म्हणाला, हो साहेब. मीटरसाहेब स्टुलावर बसला. खिशातून कागदांची गुंडाळी काढली, रबरबँड सोडवला आणि एकेक कागद पाहू लागला, जसं कुणी आपल्याच लग्नाचे फोटो दुसऱ्याच्या घरी सापडल्यावर पाहील. तीस वर्षं, साठ कागद. शेवटी म्हणाला, ‘लिफ्टमधल्या बाईचा आवाज मी अकरा वर्षं रेकॉर्ड केला. अकरा वर्षं. तुला त्याचं काही वाटतं?’ हा म्हणाला, वाटतं. मीटरसाहेब म्हणाला, वाटायलाच पाहिजे, आणि कागद पुन्हा पहिल्यापासून उलटू लागला. हा पाण्याचा ग्लास घेऊन आला. म्हाताऱ्याने तो घेतला नाही.

मग एकदम, ग्लासाकडे बघता बघता, त्याचा चेहरा बदलला. कागद मांडीवर पडले. ‘थांब,’ तो म्हणाला. ‘म्हणजे ही खरंच बेसूर गाते.’

‘कोण?’

‘आमची ही. तीस वर्षं मी सकाळ-संध्याकाळ ऐकतोय. मला वाटायचं बिघाड माझ्यात आहे, तिची काय चूक, म्हणून मी हूं की चूं केलं नाही. जिन्यातली माणसं कौतुक करायची ती मग...’ तो थांबला. जिन्यातल्या माणसांबद्दल त्याचं मत क्षणात बदलताना याला दिसलं. ‘आता घरी जाऊन मी ते ऐकायचं कसं?’ आणि याला हसू फुटलं, नको त्या वेळी, आवरेना, तोंडावर हात धरूनही बाहेर आलं. मीटरसाहेबाने त्याच्याकडे डोळे वटारून पाहिलं. ते डोळे तसेच वटारलेले ठेवूनच तोही खांदे हलवायला लागला. हसून झाल्यावर बोट उगारून म्हणाला, तिला यातलं अक्षर कळता कामा नये, आणि मी तुला माफ केलंय असं समजू नकोस.

याने सहीचा कागद पुढे केला. मीटरसाहेबाने चष्मा घालून ओळ वाचली, खिशातून स्वतःचं पेन काढलं आणि ‘अनवधानाने’ खोडून त्या जागी ‘मुद्दाम’ लिहिलं. पुढे आणखी एक ओळ घालायला लावली, की रेकॉर्डिस्टचं यंत्र अचूक होतं. जरा विचार करून, आणि कानही, एवढं वर लिहिलं. मग विचारलं, चिमटे ऐकू येतात का आता? हा म्हणाला, येतात, लाकूडसुद्धा येतं. म्हातारा उठला, चपलांकडे गेला, आणि चपला न घालताच परत फिरला.

‘आजची तपासणी राहिली,’ तो म्हणाला, आणि पेटीत जाऊन बसला. स्वतःच दार ओढून घेतलं, हेडफोन लावला, डोळे मिटले. याने खाली बसून माइकचा खटका बंद केला, सुरांचा सुरू केला. आवाजाच्या नेहमीच्या पायरीवरून सुरुवात केली. दिवा लागला. एक पायरी खाली. दिवा लागला. आणखी खाली, मग आणखी, जिथे त्याला स्वतःला कानाला दुसरा हेडफोन लावूनही नुसती शांतताच ऐकू येत होती, तिथे त्याने तो सूर सोडला आणि वाट पाहिली, आणि काचेपलीकडे मीटरसाहेबाचा अंगठा हलला.